धागा अडकला तिथे

ज्या वर्षी घंटीचा जन्म झाला, आणि तो ठरलेल्या दिवसाच्या पाच आठवडे आधीच झाल्यामुळे घरात साधे दुपटेसुद्धा शिवून तयार नव्हते, त्या वर्षी मी या घरात आले.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. घंटी आणि मी एकाच वयाच्या. ती सोळा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि त्याच सोळा दिवसांत मी तिच्या वडिलांच्या हाताखाली घराच्या बोळात घडत होते. म्हणून काळजी ही माझ्या हाडातच आहे. काही सायकली हौसेने बनतात, काही कारखान्यात बनतात. मी धास्तीने बनले.

घंटीचे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करत. सगळे त्यांना काचवाले म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. दवाखान्यात त्यांना दिवसातून दोनदाच आत सोडत, आणि पेटीत हात घालायची परवानगी नव्हती. बाकीचा वेळ त्या हातांनी करायचे काय? घरी आल्यावर ते हात कपाटाच्या बिजागऱ्या आवळत, नळ आवळत, न हलणारे स्टूल उगाच ठाकठीक करत. शेवटी एका सकाळी काचवाले भंगारवाल्याकडे गेले आणि एक सांगाडा, दोन चाके आणि पुढचे चाक धरणारा एक लोखंडी चिमटा घेऊन आले.

हा चिमटा लक्षात ठेवा. त्याला दोन पाय असतात आणि वर एक मान. दोन पायांच्या मध्ये चाक बसते, मान सांगाड्यात जाते आणि वर तिच्यावर हँडल बसते. स्वार पुढे झुकला की त्याचा सगळा भार त्या मानेवर येतो.

माझ्या चिमट्याचा आधी एक जन्म होऊन गेला होता. कुठल्याशा दुसऱ्या सायकलीवर असताना तो कशावर तरी आपटला आणि वाकला. मग कुणीतरी तो न तापवता, गारच ठोकून सरळ केला. जिथे दोन पाय मानेला मिळतात, तिथे मागच्या बाजूला एक चीर राहिली. केसापेक्षाही बारीक.

काचवाले दिवसाला शंभरेक काचा डोळ्यासमोर धरून तपासत. ओरखडा दिसला की काच बाजूला. दुकानात त्यांच्या नजरेला सगळे घाबरत. त्या सकाळीही त्यांनी चिमटा खिडकीच्या उजेडात धरला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी बाहीने डोळे पुसले. चिमटा पुसला नाही. मग गडद हिरव्या रंगाचे दोन हात दिले आणि ती चीर रंगाखाली गेली.

मला ती ठाऊक होती. आपल्या कुठल्या दाताला गार पाणी सोसत नाही हे जसे तुम्हाला ठाऊक असते, तसे. पण सांगणार कशी?

सतराव्या दिवशी घंटी घरी आली. तिच्या रडण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालच्या फाटकापर्यंत जाई, म्हणून तिला घंटी म्हणू लागले. काचवाल्यांनी तिला पाळण्यात ठेवले, मला खांद्यावर घेतले, सत्तेचाळीस पायऱ्या उतरले आणि पहिल्यांदा माझ्यावर बसले. ते हसत होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले आणि पुन्हा गेले. माझा तो सगळ्यात आनंदाचा दिवस असायला हवा होता. मी मात्र प्रत्येक खड्ड्याला मान आखडून घेत होते.

आता आमचा रोजचा दिवस सांगते. सकाळी साडेसातला पायऱ्या. मग बेकरीच्या मागची गल्ली, जिथे पिठाची पोती उतरवणारी माणसे "बाजू, बाजू" म्हणत आडवी येत. मग शाळेसमोरचा सिग्नल, बसचा गरम धूर, दारे न बघता उघडणाऱ्या मोटारी. मग मोठा पूल. पुलाच्या मध्यावर जिथे दोन भाग जोडले होते तिथे एक लोखंडी पट्टी आडवी होती. पट्टीच्या पुढे लांबलचक उतार. उतार संपला की डाव्या हाताला चष्म्याचे दुकान.

त्या पट्टीवर माझे पुढचे चाक रोज दोनदा आपटे. जाताना एकदा, येताना एकदा. काचवाल्यांना ते कळतही नसे. ते गाणे गुणगुणत असत. मी मात्र पूल दिसू लागला की मोजायला लागे. आले, आले, आले, धप्प. आणि मग उतारावर वेग वाढत जाई, वारा आऱ्यांतून शीळ घाली, आणि मी मानेला विनवत राही की आजचा दिवस धर.

वाईट माणूस नव्हता हो तो. त्यांच्यासारखा सायकलीचा वेडा मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी जेवण झाले की बोळात वर्तमानपत्र पसरायचे, मला उलटी उभी करायची आणि पान्हे रांगेत मांडायचे. चेन काढून रॉकेलच्या डब्यात. ब्रेकच्या रबराची झीज नखाने बघायची. चाक जरा वाकडे फिरले की ते फिरवत खडूने खुणा करत करत त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. एकेक आरा पाव फेरा आवळायचा, पाव फेरा सोडायचा. दोन दोन तास. घंटीची आई स्वयंपाकघरातून विचारी,

"अहो, चहाची गाळणी कुठाय?"

"वाळतेय."

"कुठे वाळतेय?"

"गॅलरीत. चाकातले छर्रे धुतले तिच्यात. ती आता छर्र्यांचीच समज. चहाला दुसरी आणतो."

"मागच्या महिन्यात आणलीत ती दुसरीच होती."

"मग तिसरी आणतो."

घंटीची आई फार बोलणारी नव्हती. पण बोलली की ते वाक्य बोळात दोन दिवस लटकून राही.

तिने लहानपणी शाळा पाहिली नव्हती. घंटी पाच वर्षांची झाली तेव्हा माझ्यासमोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला गेला. दुपारी मायलेकी जमिनीवर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत. घंटी पटपट पुढे जाई. आई हळूहळू मागून येई, आणि मी तिच्याही मागून. काचवाल्यांना हे बरेच दिवस माहीत नव्हते. एके दिवशी तिने वाण्याची पुडी सोडून तिच्या कागदावरची जाहिरात मोठ्याने वाचली, तेव्हा त्यांच्या हातातला पान्हा तसाच राहिला. मला अक्षरे अशी उशिरा आली. माझे बोलणे साधे वाटले तर त्याचे कारण तेच.

सुरुवातीची सात वर्षे घंटीची आई दर शुक्रवारी मला पुसत असे. खिडक्या, शेगडी, दाराची कडी, मग मी. जुन्या चादरीचे एक फडके होते तिच्याकडे. विरलेले, कडेला दशा निघालेल्या. ती हँडलपासून सुरुवात करी आणि खाली बसून बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यात जाई. तेव्हा माझी चीर रंगाखाली झोपलेली होती, फडके तिच्यावरून गुळगुळीत सरके. पण मला धीर वाटे. ज्या दिवशी ही चीर जागी होईल त्या दिवशी हे हात तिच्यापर्यंत पोहोचतील, असे मी स्वतःला सांगे.

आणि मग एक शुक्रवार आला. आदल्या संध्याकाळी काचवाल्यांनी मागच्या चाकाचा आउट काढायला घेतला होता आणि काम अर्धे ठेवून झोपले होते. रिमवर खडूच्या बावीस खुणा होत्या. घंटीच्या आईने त्या धुळीबरोबर पुसून टाकल्या.

संध्याकाळी काचवाले बोळात उभे राहिले.

"खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या? खडूच्या? मला वाटलं घंटीने रेघोट्या मारल्यात."

"दोन तास, दोन तासांचं काम होतं ते. तुला कुणी सांगितलं पुसायला? माझ्या सायकलीला हात लावत जाऊ नकोस."

ती फडके हातात घेऊन उभी होती. "बरं," म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर तिने मला हात लावला नाही. केर काढताना माझ्याभोवतीने झाडू फिरे, पण माझ्या चाकाला त्याचा स्पर्श होत नसे. काचवाले ते बोलणे आठवड्याभरात विसरले असतील. ते स्वतः मला पुसत का नसत, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण रविवारची मंडळी.

शहरातले सात-आठ सायकलवेडे रविवारी सकाळी एकत्र फिरायला निघत. त्यांचे म्होरके होते टपालकाका. चाळीस वर्षे सायकलवरून पत्रे वाटून ते निवृत्त झाले होते. या मंडळींच्या दोन समजुती होत्या. एक म्हणजे चकचकीत सायकल ही न चालवणाऱ्याची. कुणी पुसूनबिसून आला की "काय, आज प्रदर्शनाला का?" असे त्याला ऐकावे लागे. अंगावरची धूळ, चिखलाचा थर ही त्यांच्या लेखी मेहनतीची खूण होती. दुसरी समजूत अशी की चांगल्या सायकलीला आवाज नसतो. पुलाच्या उतारावर टपालकाका एक हात वर करत. मग सगळ्यांनी पाय थांबवायचे, गप्प बसायचे आणि ऐकायचे. ज्याच्या सायकलीतून टकटक, करकर, कुरकुर ऐकू येईल त्याने उताराच्या तळाशी सगळ्यांना चहा पाजायचा. चहाचे काही नसे. पण "आवाजवाला" हे नाव पुढच्या रविवारपर्यंत चिकटून राही.

काचवाल्यांनी अठरा वर्षांत एकदाही चहा पाजला नव्हता. त्याचा त्यांना केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

त्या अठराव्या वर्षी माझ्या मानेवरचा रंग फुटला. चीर रंगाबाहेर आली, पण तिच्यावर चिखल होता, आणि चिखलावर आणखी चिखल. पट्टीवर आपटले की चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासत. आणि एका रविवारी उतारावर, सगळे गप्प असताना, मी बोलले.

करर. करर.

मित्रांनो, मला दुसरी भाषा येत नाही. अठरा वर्षे मनात धरलेले मी त्या दोन आवाजांत सांगितले.

"कुणाची गिरणी चालू आहे?" टपालकाका म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"काचवाले, तुमच्याच पुढून येतोय."

"माझ्या? काहीतरीच काय, काका. कान साफ करून घ्या."

"कान साफच आहेत. चाळीस वर्षं लोकांची कुत्री लांबून ओळखलीत मी या कानांनी. चला, चहा सांगा."

काचवाल्यांनी चहा सांगितला, पण स्वतःचा अर्धाच घेतला. घरी येईपर्यंत त्यांची मान माझ्यावर वाकलेली होती. मला वाटले, सुटले मी. हा माणूस आता सोडणार नाही.

त्यांनी सोडलेही नाही. पहिल्या आठवड्यात पॅडल उघडली. दुसऱ्या आठवड्यात सीटची दांडी. मग हँडल. दर वेळी सगळे धुऊन, पुसून, ग्रीस लावून परत बसवायचे, आणि दर वेळी पुलावर मी पुन्हा करकरायची. शेवटी त्यांनी घंटीला माझ्यावर बसवले आणि स्वतः कान लावून शेजारी चालू लागले.

"बाबा, डॉक्टरसारखं काय ऐकताय? मोठा श्वास घेऊ का?"

"तू नको घेऊस. हिला घेऊ दे. पुढचा ब्रेक दाब. सोड. परत दाब."

त्यांचा कान माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर आला. मी जीव तोडून करकरले. "सापडला," ते म्हणाले. माझे छर्रेसुद्धा थरथरले असतील.

पण त्यांना वाटले की आवाज मानेच्या वाटीतून येतोय, जिथे छर्रे असतात. त्यांनी वाटी उघडली, नवे छर्रे घातले आणि चांगले मूठभर ग्रीस ठासले. ते ग्रीस पुढच्या आठवड्यात उन्हाने पातळ होऊन खाली उतरले आणि चिरेत शिरले. दोन्ही कडा बुळबुळीत झाल्या. त्यानंतर मी किती जरी आपटले तरी माझ्यातून हूं की चूं निघेना.

"गेला," काचवाले घरी येऊन म्हणाले. चेहरा असा की जणू परीक्षाच पास झाले. "आज काकांनी तीनदा हात वर केला. काही नाही. गप्प."

घंटीची आई डाळ निवडत होती. "आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं?"

"सायकलीचं असंच असतं."

"माझ्या आईचा खोकला पण असाच एका दिवसात थांबला होता," ती म्हणाली आणि पुन्हा डाळीकडे वळली. काचवाल्यांनी ते ऐकले की नाही, मला माहीत नाही. ते पान्हे गोळा करत होते.

पुढची दोन वर्षे मी मुकी होते. आतल्या आत चीर मानेला वळसा घालत होती. जाताना एकदा, येताना एकदा.

मग घंटीला नोकरी लागली. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत, पुलाच्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्याही पुढे. काचवाले म्हणाले, "बसच्या मागे धावायचं नाही. ही सायकल आता तुझी. मी दुसरी जमवतो." ते किती आनंदाने म्हणाले. आणि मला आठवली ती काचेची पेटी. सोळा दिवस ज्या पोरीसाठी या माणसाच्या हातांना स्वस्थता नव्हती, तिलाच ते माझ्यावर बसवायला निघाले होते.

एक आशा होती. ते सँडपेपर घेऊन आले. माझा सगळा रंग खरवडून ते नवा देणार होते. रंग खरवडला की चीर उघडी पडणार. मी संध्याकाळची वाट बघत राहिले. पण घंटी घरी आली, तिने नव्या रंगाचा डबा पाहिला आणि म्हणाली, "नको ना बाबा. हाच राहू दे. मला हीच अशी हवीय."

काचवाल्यांनी डबा उचलून आत ठेवला. सँडपेपर कपाटावर गेला. माया आडवी आली, मित्रांनो. कुणाला दोष देऊ?

नोकरीचा पहिला दिवस सोमवार होता. सकाळी मी हवा सोडायचा प्रयत्न केला. पण टायर माझे ऐकत नाहीत, आणि काचवाल्यांनी आदल्याच संध्याकाळी दोन्ही टणक भरले होते. आठ वाजता घंटी फिकट रंगाची नवी पँट घालून बाहेर आली. काचवाले बोळात उकिडवे बसून ब्रेक तपासत होते. तिची आई दारात उभी होती.

"ही अशी मळकी सायकल आणि ही पँट," ती म्हणाली. "पुलापर्यंत जायच्या आत डाग पडेल." मग एक पाऊल पुढे आली. "हात लावू का?"

"लाव की. विचारतेस काय?"

"विचारावं लागतं."

काचवाल्यांनी वर पाहिले. ती आत गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात तेच फडके होते, आता आणखी विरलेले.

तेरा वर्षांनी ते हात माझ्यावर आले. हँडल, वरची दांडी, चेनवरचे झाकण. फडके काळे होत गेले. मग तिने गुडघे टेकले. एका हाताने पुढचे चाक धरले आणि दुसरा हात मागच्या बाजूने मानेखाली घातला. चिखलाचे ढेकूळ निघून फरशीवर पडले. फडके एकदा फिरले. दुसऱ्यांदा फिरले आणि अडकले.

तिने ओढले. ते सुटेना.

"अहो, इथे धागा अडकतोय."

"मडगार्डचा स्क्रू असेल."

"स्क्रू चार बोटं खाली आहे."

"मग रंगाचा पोपडा. घंटी, निघ तू. पहिल्याच दिवशी उशीर नको."

घंटीने हँडल धरले. मी पुढे सरकले नाही, कारण तिच्या आईने चाक सोडले नव्हते.

"आई, सोड ना. आठ वीस झाले."

"भिंग आणा," आई म्हणाली.

"अगं, संध्याकाळी बघतो मी नीट."

"आत्ता."

"काय तू पण. एका धाग्यासाठी तिला उशीर..."

"काचेवर एवढं काही असतं, तर दिली असती ती कुणाच्या डोळ्यांवर?"

काचवाले उठले. मग आत गेले आणि कामाचे भिंग घेऊन आले. ते माझ्यासमोर आडवे झाले, अगदी गाल फरशीला टेकवून. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. "धागा ओढू नकोस," ते हळूच म्हणाले. पांढरा धागा एका काळ्या रेघेत उभा होता. त्यांनी अंगठ्याने चिखल खरवडत ती रेघ कुठवर जाते ते पाहिले. ती डावीकडे गेली. उजवीकडे गेली. आणखी उजवीकडे गेली.

ते उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते.

"घंटी, मागे हो."

त्यांनी एक पाय माझ्या चाकावर रोवला, दोन्ही हातांनी हँडल धरले आणि ओढले. एकदा. दोनदा. मी विरोध केला नाही. वीस वर्षे ज्या क्षणाला मी भ्यायले होते, तो तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात, माणूस खाली पडायला जागाच नसताना, येत होता. तिसऱ्या वेळी कट् असा आवाज झाला. मान तुटली. चाक ब्रेकच्या वायरला लोंबकळत राहिले.

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

"बाबा, मी बसने जाते," घंटी म्हणाली.

"हो," काचवाले म्हणाले. ती सावकाश पायऱ्या उतरली. त्यांनी तिच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला आणि मग फरशीवर बसले. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. घंटीच्या आईने चहा आणून शेजारी ठेवला.

"मी तुला तेव्हा उगाच बोललो."

"कधी?"

"खडूच्या खुणांवरून."

"तेरा वर्षं झाली त्याला."

"हो."

"चहा घ्या. गार होईल."

त्यांनी कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. तिने तो उचलून त्यांच्या ओठांपर्यंत धरला.

रविवारी काचवाले तुटका चिमटा पिशवीत घालून मंडळींकडे पायी गेले, आणि घंटीच्या आईला बरोबर घेऊन गेले. मी घरीच होते. जे झाले ते नंतर त्यांच्या बोलण्यातून मला कळले. त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

"आवाज कुठे झाला?" टपालकाकांनी विचारले.

"झाला होता. दोन वर्षांपूर्वी, तुम्हीच ऐकलात. मी तो बंद केला."

चिमटा हातोहात फिरला. टपालकाकांनी चिरेवरून अंगठा फिरवला. मग घंटीच्या आईला म्हणाले, "वहिनी, ते फडकं आणलंय का? माझी पण बघा जरा."

तेव्हापासून त्या मंडळींत नवी रीत पडली. निघण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याची सायकल पुसायची. स्वतःची नाही, शेजाऱ्याची. आपली सायकल आपल्याला रोज दिसते, म्हणूनच ती नीट दिसत नाही, असे टपालकाकांचे म्हणणे. चकचकीत सायकलीला हसणे बंद झाले.

मला नवा चिमटा मिळाला. कोरा, तीन ठिकाणी भिंगाने तपासलेला. मी घंटीची झाले. पूल तोच, पट्टी तीच. पहिले काही महिने पट्टी आली की माझे अंग चोरल्यासारखे होई. खरे सांगायचे तर अजूनही होते. एकदा आपल्यात चीर होती हे कळलेली वस्तू पुन्हा निर्धास्त होत नाही. सांगाड्याचे दहा जोड आहेत. मी ते रोज मनात मोजते.

पण संध्याकाळी घंटी मला पायऱ्यांवरून वर आणी आणि काचवाले फडके घेऊन तयार असत. घंटीच्या आईने एका पुठ्ठ्यावर तिच्या वाकड्या अक्षरात दोन शब्द लिहून माझ्या हँडलला बांधले होते : खालून पुसा. काचवाल्यांना ते दरवेळी वाचावे लागे, कारण ती आतून विचारी, "वाचलंत का?"

"वाचलं."

"मग खाली बसलात का?"

"गुडघे दुखतात गं."

"तिचे पण दुखत असतील. बसा."

मित्रांनो, तुमच्या घरात जी वस्तू निमूट काम करते, ती बरीच आहे असे समजू नका. तिचा आवाज आला तर तो घालवायची घाई करू नका. आधी तो कुठून येतो ते बघा. आणि तिच्यावरून हात फिरवा, वरून नव्हे, खालून, जिथे कुणी बघत नाही तिथे. घरातल्या माणसांनाही हे लागू आहे. कुणी "बरं" म्हणून तेरा वर्षे गप्प राहिले असेल, तर तिथे काहीतरी अडकलेले असते.

मला जन्मभर एकच भीती होती, की या घरातले कुणीतरी माझ्यामुळे जाईल. तसे झाले नाही.

काचवाले वारले. घंटीच्या मुलीने तिसरीची परीक्षा दिली त्या वर्षी, मार्च महिन्यात, एका बुधवारी सकाळी सातच्या सुमारास, आपल्या बिछान्यात, हृदय बंद पडून. वय चौसष्ट. मी बोळात भिंतीला टेकून उभी होते, आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी मला पुसले होते.